खीळ कुणी काढली

केसांत वाळलेलं रक्त लगेच सुटत नाही. आधी ते भिजू द्यावं लागतं, मग बोटांनी चोळावं लागतं, आणि चोळताना खाली जखम कुठं आहे याचा अदमास घेत राहावं लागतं. थोरलीनं घाई केली नाही. तीन तांबे कोमट पाणी ओतून झालं, चौथा ओतला, तेव्हा कुठं मोरीत लालसर ओघळ गेला.

"दुखतंय?"

"नाही."

"माझ्याशी खोटं बोलू नकोस."

"दुखतंय, वहिनी. पण तू थांबू नकोस."

अडतीस वर्षांपूर्वी थोरली या घरात सून म्हणून आली, तेव्हा ही नणंद सहा वर्षांची होती. आईवेगळी, मुठीएवढी. म्हणून तिचं नाव पडलं चिमी. नव्या नवरीनं सासरी केलेलं पहिलं काम म्हणजे या पोरीचं डोकं धुणं. ना पोटची लेक, ना पाठची बहीण, तरी त्या दिवसापासून थोरलीच्या जिवाचा एक धागा या केसांच्या बटेत गुंतला तो गुंतलाच. मुठीएवढी चिमी आता चव्वेचाळीस वर्षांची होती. सरकारी इस्पितळाच्या धुलाईखान्यात वीस वर्षं चादरी धूत होती. आवाज मात्र असा कमावला होता की तिनं घोषणा दिली तर तीन गल्ल्या सोडून चौथीतल्या माणसानं खिडकी उघडावी.

"हात आमचे, सुई तुमची! सांगा, मरायची पाळी कुणाची?"

ही घोषणा तिचीच. चादरींच्या गाठोड्यात वापरलेल्या सुया येतात आणि धुणाऱ्या बायकांच्या हातात मोजे नसतात. गेल्या वर्षी चिमीच्या शेजारी उभी राहून चादरी पिळणाऱ्या बाईला अशीच एक सुई टोचली. चार महिन्यांत बाई पिवळी पडली आणि गेली. तिच्यानंतर धुलाईखान्यातून नऊ अर्ज गेले. जाड मोजे द्या, सुयांना वेगळा डबा ठेवा, एवढंच मागणं. नऊ अर्जांना एक उत्तर आलं नाही. म्हणून परवा बायका इस्पितळाच्या कचेरीच्या फाटकासमोर बसल्या, रीतसर परवानगी काढून, सकाळी नऊ ते दुपारी एक. पावणेबारालाच पोलिसांनी परवानगी रद्द केली, जमावबंदी लावली आणि लाठी चालवली. एक धुलाईवाली अजून शुद्धीवर आली नव्हती. ज्या इस्पितळाच्या चादरी तिनं धुतल्या, त्याच इस्पितळाच्या चादरीवर ती पडून होती.

चिमीला दोन रात्री कोठडीत ठेवून आज सकाळी दहाला सोडलं होतं. तेही असं की चार वाजता ठाण्यात परत हजर व्हायचं आणि येताना हमीपत्रावर सही करून आणायची. सही केली तर किरकोळ गुन्हा. नाही केली तर दंगलीचा, सहा-सात वर्षांचा.

थोरलीनं टॉवेलनं तिचं डोकं टिपलं. हात मायेचा होता, पण जबडा आवळलेला होता. तीन दिवस तिच्या पोटात राग धुमसत होता आणि तो नेमका कुणावर काढावा हे तिला कळत नव्हतं. कारण ज्या पोलिसांनी चिमीला मारलं, त्यांच्या रांगेत तिचा स्वतःचा मुलगा उभा होता.

"चल खाली," ती म्हणाली. "सगळे थांबलेत."

"पंचायत बसवलीस होय माझ्यावर?"

"बसवली. मोठी झालीस म्हणून काय झालं? अजून केस मीच धुते तुझे."

*

घर वर, कारखाना खाली. मधे लोखंडी जिना. उतरताना ओल्या ऑइलपेंटचा वास नाकात शिरला आणि थोरली शेवटच्या पायरीवर थबकली. भिंतीला टेकून अकरा बॅरिकेड उभे होते. पिवळा पट्टा, काळा पट्टा. रंग अजून चमकत होता.

"हे इथं काय करतायत?"

ऐरणीजवळच्या स्टुलावर तिचा नवरा बसला होता. त्याला सगळी वस्ती दादा म्हणते. पोलिसांचे कठडे बारा वर्षं हाच बनवतो, आणि आपल्या हातचं काम कधी पडलं नाही याचा त्याला कोण अभिमान.

"काल टेम्पो आला होता," दादा म्हणाला. "दुरुस्तीला पाठवलेत."

"कुठले? परवाचे?"

"परवाचेच."

"आणि तू केलेस दुरुस्त? बहीण कोठडीत, आणि भाऊ तिला चेंगरणारे कठडे रंगवत बसला?"

"मोडकं काम कारखान्यात मुक्कामाला ठेवायचं नाही, ही बाबांची शिस्त—"

"बाबांची शिस्त घाल चुलीत!"

"थोरले, हळू," मास्तर म्हणाला. हा मधला दीर, शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो, आणि आवाज चढला की त्याला आधी शेजारी आठवतात. "लोकांना ऐकू जाईल."

"जाऊ दे की. तीन दिवस लोक आपल्याकडे बघून कुजबुजतायत, आज त्यांनाही काहीतरी ऐकायला मिळू दे."

 चिमी त्या कठड्यांकडे बघत होती. डावा हात गळ्यातल्या झोळीत, उजव्या हातानं तिनं एका आडव्या पाइपला बोट लावलं. बोटाला पिवळा रंग आला. तिनं तो बोटभर रंग दादाच्या सदऱ्याला पुसला.

"छान झालंय काम, दादा," ती म्हणाली.

दादानं मान खाली घातली.

तेवढ्यात शटरखालून वाकून फौजदार आत आला. थोरलीचा एकुलता एक. लहानपणी शिट्टी घेऊन गल्लीतल्या पोरांना रांगेत उभं करायचा म्हणून चिमीनंच त्याला हे नाव ठेवलं होतं, आणि पुढं तो खरंच फौजदार झाला. अंगावर गणवेश, काखेत फाईल, उजव्या हाताच्या अंगठ्याला पट्टी. आत्यासमोर येऊन तो उभा राहिला. नमस्कार करावा की नाही हे त्याला सुचेना.

"बसा, साहेब," चिमी म्हणाली. "खुर्ची नाही, पण कठडे आहेत. टेका."

"आत्या, मला साहेब म्हणू नको."

"मग काय म्हणू? कडेवर घेऊन तुला ही गल्ली दाखवली मी. परवा तू मला रस्ता दाखवलास. फिटलं."

"मी तुला हात लावला नाही!"

"नाही. तू बघत उभा होतास."

फौजदारानं ओठ दाबले. फाईल उघडली. आतून दोन पानं काढली आणि ऐरणीवर ठेवली. "मोठ्या साहेबांना मी रात्री दोन तास विनवलं. त्यांनी एवढं मान्य केलं. वर्षभर कुठल्याही जमावात जायचं नाही, भाषण नाही, पत्रक नाही. एक सही. मग दंगलीचं कलम निघेल."

"घे, झालं की," मास्तर लगेच म्हणाला. "एक सही नि एक वर्ष. बघता बघता जाईल. चिमे, कायद्याशी भांडून कुणाचं भलं झालंय?"

"बाबांनीपण एकच सही केली होती, मास्तर."

 लोखंड ओतणाऱ्या कामगारांच्या संपात बाबांनी, या तिघा भावंडांच्या बापानं, असाच कागद लिहून दिला होता. एक वर्षाचा. वर्ष संपलं, पण बाबांचं तोंड काही उघडलं नाही. पुढं बावीस वर्षं जगले. ताटात मान घालून जेवायचे. थोरली नवी होती, कधी भाजीत मीठ पडायचं राहून जायचं, पण बाबा कधी सांगायचे नाहीत. तसंच अळणी खाऊन उठायचे.

"बाबांची गोष्ट निराळी," दादा पुटपुटला.

"काय निराळी? त्यांना पोरं होती म्हणून सही केली. मला भाचा आहे म्हणून करू?"

"आत्या, तू माझंही ऐकशील का जरा?" फौजदाराचा आवाज आता चढला. "परवानगी तीनशे जणींची होती. किती होता तुम्ही?"

"मोजलं नाही."

"आम्ही मोजलं. अकराशे. इस्पितळाच्या गाड्यांचं फाटक त्याच रस्त्यावर आहे."

"आम्ही वाट सोडत होतो! दोन गाड्या गेल्या. मी स्वतः बायकांना उठवलं."

"दोन गेल्या. तिसरी मागच्या वळणावर अकरा मिनिटं अडकून होती. आत अडलेली बाई होती. वॉकीटॉकीवर ड्रायव्हर रडत होता, मी कानानं ऐकलं."

चिमीचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. "हे मला माहीत नव्हतं."

"आणि दगड?"

"दगड आमच्या बायकांनी मारले नाहीत."

"मग कुणी?"

"माहीत नाही. मागून आले. मारले कुणीतरी, ते मी नाकारत नाही. पण तीन दगडांसाठी अकराशे डोकी फोडायची? बरं, परवानगी रद्द केलीत ती आम्हाला कशी कळावी? भोंग्यातून तुमचा माणूस काय बोलला ते पहिल्या रांगेलासुद्धा कळलं नाही. आम्हाला वाटलं, गाडी काढा म्हणतोय! आणि उठून जायचं तर कुठून? ते टोक बंद, हे टोक बंद. एका अंगाला कचेरीची भिंत, दुसऱ्या अंगाला बंद दुकानं. जा म्हणता आणि दार लावता, ही कुठली रीत?"

"वरून हुकूम होता. पांगू द्यायचं नाही, आधी नावं घ्यायची."

"म्हणजे पांगा म्हणून काठी, आणि पांगू नका म्हणून कठडा!"

दोघांचे श्वास वर झाले होते. थोरली मधे उभी होती. एकाला तिनं जन्म दिला होता, एकीला वाढवलं होतं. धरावं तर चावतं, सोडावं तर पळतं. मनातून तिला वाटत होतं, करावी चिमीनं सही. तुरुंगात सहा वर्षं काढायचं हे वय नव्हे. राग गिळून माणसं जगतात. आपण नाही जगलो?

"वाच," ती मुलाला म्हणाली. "काय लिहिलंय ते मोठ्यानं वाच. सही करायची तर ऐकून करू दे."

"आई, ते सरकारी भाषेत—"

"वाच म्हटलं ना."

त्यानं कागद उचलला. सुरुवात भरभर वाचली, मधे अडखळला, मग पुन्हा भरभर. "...तसेच मी कबूल करते की, माझ्या चिथावणीवरून जमावाने पोलिसांनी उभारलेले बॅरिकेड तोडले, त्याखाली सापडून एका शिपायाचे पाऊल मोडले, व त्यामुळे पोलिसांना सौम्य बळाचा वापर करावा लागला..."

"सौम्य," चिमी म्हणाली, आणि झोळीतल्या हाताकडे बघून हसली.

पण दादा स्टुलावरून उठला होता. "काय तोडलं म्हणतोस?"

"बॅरिकेड."

"कुणी तोडलं?"

"जमावानं, बाबा. रेटून."

"माझा कठडा?" दादाची मान ताठ झाली. बहिणीचं डोकं फुटलं तेव्हा जे बोल त्याच्या तोंडून निघाले नव्हते, ते आता निघाले. कसबी माणसाचं असंच असतं. "रेटून कठडा वाकेल. आडवा पडेल. पण एकापासून दुसरा सुटणार नाही. कडीत खीळ बसते माझी, बोटाएवढी जाड. वर उचलायची, अर्धी फिरवायची, मग निघते. तीसुद्धा पोलिसांच्याच अंगाकडून. लोकांच्या बाजूनं हात पोचत नाही, मुद्दाम तशी केलीय."

"मुद्दाम?" चिमीनं विचारलं.

"त्यांनीच तसं सांगितलं होतं."

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," मास्तर हळूच म्हणाला, आणि आपण हे मोठ्यानं बोललो याचं त्यालाच नवल वाटलं.

दादाचं तिकडं लक्षच नव्हतं. तो कठड्यांपाशी गेला. "दहा आले ते पायात वाकलेले. हा अकरावा, हा मधला. याची कडी शाबूत होती! ओरखडा नाही. खीळ साखळीला लोंबत होती. हा मोडला नव्हताच. हा कुणीतरी उघडला होता."

"आम्ही तेच सांगतोय!" चिमी ओरडली. "तो उघडला, दादा! भिंतीशी आमच्या बायका चेंगरत होत्या, श्वास घेता येईना, एकीची मान वळलेली मी पाहिली. आणि एकदम समोरचा कठडा मोकळा झाला. आम्ही वाहून गेलो त्यातून. मग काठ्या आल्या. कोठडीत दोन दिवस हेच सांगितलं. लिहून घेतलं नाही कुणी. दाखव ती कडी! कडी दाखवली की झालं!"

दादाचा हात त्या अकराव्या कठड्यावर होता. हात तिथंच राहिला.

"दादा?"

"मला वाटलं, कडीत खोट आहे," तो म्हणाला. आवाज खोल गेला होता. "खीळ आपोआप निघाली असं वाटलं. मला झोप येईना. म्हणून ती कडी ग्राइंडरनं कापली. नवी बसवली. बाकी दहांच्यासुद्धा बदलल्या. घासलं. रंगवलं."

"आणि जुनी?"

"भंगारात. सकाळीच गाडी येऊन गेली."

बायकांनी पुरावा लपवला नव्हता, पोलिसांनीही नाही. पोलिसांनी नेहमीच्या सवयीनं तो नेहमीच्या कारागिराकडं पाठवला, आणि कारागिरानं तो चांगला दुरुस्त करून, दोन हात रंग देऊन, वाळत ठेवला. थोरलीला हसावं की किंचाळावं कळेना. तिची नजर कठड्यावरून नवऱ्यावर गेली, नवऱ्यावरून मुलावर, आणि मुलाच्या अंगठ्यावर थांबली.

काल सकाळी त्या अंगठ्याला तिनंच मलम लावलं होतं. नख मुळापर्यंत काळं पडलेलं. गाडीच्या दारात सापडला, असं तो म्हणाला होता.

"पट्टी सोड," ती म्हणाली.

"आई—"

"सोडतोस का मी सोडू?"

तो हलला नाही. मग तीच पुढं झाली. पट्टी सोडली, आणि त्याचा अंगठा नवऱ्यासमोर धरला. "तू सांग. हा गाडीच्या दारात चेमटलाय?"

दादानं पाहिलं. बारा वर्षं त्या खिळी त्याच्या हातून गेल्या होत्या. कठड्यावर भार असताना खीळ उचलली की कडी बोटावर बसते, हे त्याला नाही तर कुणाला कळणार? त्यानं डोळे मिटले.

"तू काढलीस," चिमी म्हणाली.

 फौजदार एकदम बोलायला लागला. "माझ्यासमोर एक म्हातारी होती. कठड्याला चिकटलेली, गाल पाइपवर दाबलेला. तिचे ओठ निळे पडत होते, आत्या. मी वॉकीटॉकीवर विचारलं, उघडू का? उत्तर आलं, थांबा. पुन्हा विचारलं. थांबा. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. खीळ काढली. बायका बाहेर आल्या, कठडा कलला, तो आमच्या शिपायाच्या पायावर पडला. पलीकडच्या टोकाला साहेबांना दिसलं की कठडा गेला. त्यांनी हुकूम दिला. मी ओरडलो, मी उघडलाय, मी! कुणी ऐकलं नाही. तिथं कुणाचंच कुणाला ऐकू येत नव्हतं."

"आणि नंतर? नंतर तर ऐकू येत होतं ना? जबाब लिहिताना?"

"जबाब आधीच लिहिलेला होता. मी सही केली."

चिमीच्या चेहऱ्यावरचा रक्ताचा थेंब न् थेंब उतरला, आणि मग दुपटीनं चढला. "तू दार उघडलंस म्हणून अकराशे बायका जगल्या. आणि तूच लिहून दिलंस की आम्ही ते मोडलं? अरे, मारलं असतंस तर मी सहन केलं असतं! एवढं एक भलं काम केलंस, तेही माझ्या नावावर गुन्हा म्हणून लावलंस!"

"मी खरं सांगितलं तर सगळं माझ्यावर येईल! हुकूम मोडला म्हणून. शिपायाचं पाऊल माझ्यावर, ती बेशुद्ध बाईपण माझ्यावर. म्हणतील, यानं कठडा उघडला नसता तर लाठी चाललीच नसती. आणि कुणास ठाऊक, खरंही असेल! मी तीन दिवस तेवढाच हिशोब करतोय. उघडलं नसतं तर कोण मेलं असतं, उघडलं म्हणून कोण मरतंय. माझी नोकरी जाईल, आत्या. कदाचित तुरुंगसुद्धा."

बाहेर रस्त्यानं पोलिसांची गाडी गेली, भोंग्यावर जमावबंदीचं तेच ते वाक्य घोकत.

मग चिमीनं उजवा हात पुढं केला. "आण पेन."

"चिमे!" दादा म्हणाला.

"आण म्हणते ना. याला मी कडेवर वागवलंय. याला आत टाकून मी बाहेर कशी राहू? लिहू दे मी मोडला म्हणून. बाबा बावीस वर्षं अळणी जेवले, मीपण जेवेन."

पेन फौजदाराच्या खिशात होतं. त्याचा हात खिशाकडं गेला. तिथपर्यंत गेला, आणि थोरलीच्या तीन दिवसांच्या, कुणावर काढावा ते न कळलेल्या रागाला अखेर वाट सापडली. तिनं मुलाचा तो हात मनगटात धरला.

"देतोस पेन? तिनं मागितलं आणि तू देतोस?"

"आई, तीच म्हणतेय—"

"ती म्हणेलच! तिला मी वाढवलंय! प्रश्न तुझा आहे, तुला कुणी वाढवलं?" तिचा आवाज शटरच्या पत्र्यावर आदळून परत आला. शेजाऱ्यांची आता मास्तरलाही आठवण राहिली नाही. "परवा तू एकच पोलिसाचं काम केलंस. लोक मरत होते, तू दार उघडलंस. लोकांची राखण करायला तुला तो गणवेश दिलाय, त्यातलं तेवढं एक काम. आणि लाज कशाची वाटते तुला? काठी चालली त्याची नाही, खोट्या जबाबाची नाही. लाज वाटते ती त्याच एका कामाची! ते लपवतोस, आणि लपवायला आत्याची सही मागतोस. आग लागो तुझ्या त्या फाईलला!"

"मग काय करू? तू सांग. सांग ना, काय करू!"

"मी नाही सांगणार. म्हातारीचे ओठ निळे पडले तेव्हा आईला विचारायला आला होतास?"

तिनं त्याचा हात सोडला. जिन्याच्या खांबाला अडकवलेली पिशवी काढली, पायात चपला सरकवल्या. "चल, चिमे. चार वाजता हजर व्हायचंय ना, होऊ. हमीपत्र इथंच राहू दे, कठड्यांचे डाग पुसायला होईल. तू आत जा आणि तुझं सांग. मी फाटकाबाहेर उभी राहते."

"उभी राहून काय करणार आहेस, वहिनी?"

"ओरडणार. आवाज तुझ्याइतका नाही, पण लाज कमी झालीय."

"जमावबंदी आहे," मास्तर सवयीनं म्हणाला. मग त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "थोरले, एक सांगू? काल वर्गात एका पोरीनं विचारलं, सर, शांतपणे जमायचा हक्क आहे असं पुस्तकात आहे, मग तुमच्या बहिणीला का धरलं? दोन मार्कांचा प्रश्न आहे तो. मी तिला म्हटलं, पुढचं पान उघडा." त्यानं चपला शोधल्या. "वीस वर्षं मी पुढचं पानच उघडतोय. चला, मी येतो."

दादा नवा सदरा घालायला वर गेला नाही. पिवळं बोट पुसलेल्या त्याच सदऱ्यावर तो निघाला. "कडी मी कापली," तो म्हणाला. "ती शाबूत होती हे मलाच सांगावं लागेल. ऐकतील न ऐकतील. माझ्याकडून काम काढून घेतील तर घेवोत."

मुलाकडं कुणी पाहिलं नाही. शटरखालून एकेक जण वाकून बाहेर पडला.

*

ठाण्याच्या अलीकडं, वळणावर, दोन शिपाई उन्हात उभे होते. त्यातला जाडा पुढं आला. त्यानं चौघांवरून बोट फिरवलं. "एक, दोन, तीन, चार. चौघं. ठीक आहे. पाच असतील तर अडवायचा हुकूम आहे. कुठं निघालात?"

"ठाण्यात," चिमी म्हणाली. "तुमच्याच पाहुणचाराला."

"आणि हे सगळे?"

"माहेरची माणसं. पोचवायला आलीत."

शिपायाला हसू आलं, ते त्यानं मिशीत दाबलं. "बरं, जा. पण चारच. रेंगाळू नका."

"थांबा."

मागून बुटांचा आवाज आला. धावत आलेला, मग चालीवर आलेला. फौजदार त्यांच्यापाशी येऊन थांबला. टोपी हातात होती. शिपाई खाडकन सावध झाला.

"साहेब! या चौघांना सोडलंय मी, नियमात आहेत."

"पाच मोजा."

"तुम्ही कसे, साहेब? तुम्ही तर ड्यूटीवर."

"मी यांच्याबरोबर आहे. पाचवा मी. नोंदवही आहे ना तुमच्याकडे? काढा. वेळ लिहा. आणि खाली लिहा, परवा अकरा पन्नासला कचेरीसमोरच्या बॅरिकेडची खीळ मी काढली. माझ्या हातानं. कुणाच्या चिथावणीवरून नाही."

शिपायानं वही काढली. पेन उघडलं. कागदावर टेकवलं, आणि टेकवून तो तसाच उभा राहिला. दुसऱ्या शिपायाकडं बघितलं. दुसऱ्यानं रस्त्याच्या पार त्या टोकाकडं तोंड फिरवलं, जणू तिकडून कुणी येतंय.

"साहेब, विचार करा," जाडा हळू म्हणाला. "शाई आहे. खोडता येणार नाही."

"लिहा."

चिमीनं झोळीतला हात सावरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते कुणाला दिसू देणार नव्हती, म्हणून ती ठाण्याच्या पाटीकडं टक लावून बघत राहिली. दादानं मुलाच्या पाठीकडं हात नेला, पण टेकवला नाही.

थोरलीनं मुलाकडं वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग तसाच होता, तसूभर कमी झाला नव्हता.

"तीन दिवस लागले तुला या वळणापर्यंत यायला," ती म्हणाली. "ती बाई तिकडं तीन दिवस डोळे मिटून पडलीय. मी तुला शाबास म्हणावं, अशी वाट बघू नकोस."

"नाही बघत, आई."

"मग चल. आणि आत गेल्यावर हळू बोलू नकोस."

शिपायाचं पेन अखेर कागदावरून सरकायला लागलं. पाच जण नियम मोडून, रस्त्याच्या मधोमध, ठाण्याकडं चालू लागले.